पोनी सांभाळायला देताना

मूल वाढतं, पोनी वाढत नाही. ब्रिटनमधल्या घोडेवेड्या घरांपुढे हा पेच कधी ना कधी येतोच. घोड्याची उंची तिथे अजूनही 4 इंचांच्या ‘हाता’ने मोजतात. वेल्श पोनीचा सगळ्यात छोटा प्रकार फार तर 12 हात, म्हणजे 48 इंच भरतो. शेटलंड तर 42 इंचांच्या आतच. पाच-सहा वर्षांची असताना अशा पाठीवर बसायला शिकलेली मुलगी तेरा-चौदाची होते, तेव्हा तिला मोठा घोडा लागतो. पोनीची मात्र बरीच वर्षं उरलेली असतात, कारण नीट सांभाळला तर तो तिशीही गाठतो.

विकायला मन होत नाही आणि नुसता बांधून ठेवणं परवडत नाही. अशा वेळी तिकडची मंडळी पोनी ‘लोन’वर देतात. मालकी स्वतःकडे ठेवायची आणि जनावर दुसऱ्या कुटुंबाच्या हवाली करायचं. चारा, नालबंद, डॉक्टर हा खर्च बहुधा नेणाऱ्याचा. काही जण अर्धंच लोन देतात: पोनी आपल्याच कुरणात राहतो, दुसरं मूल आठवड्यातले ठरलेले दिवस येऊन रपेट करतं आणि खर्चातला वाटा उचलतं.

व्यवस्था सोयीची आहे. पण सोय झाली म्हणून जबाबदारी संपत नाही. इंग्लंड-वेल्सच्या 2006 सालच्या प्राणी कल्याण कायद्यानुसार जनावर कुठेही असलं, तरी त्याचा मालक कायम जबाबदार धरला जातो. शिवाय प्रत्येक घोड्याला पासपोर्ट लागतो, आणि तो घोड्याबरोबर नेणाऱ्याकडे द्यावा लागतो. हा पासपोर्ट मालकीचा पुरावा नाही; तरीही तो दाखवून लोनवरचा पोनी परस्पर विकून टाकण्याचे प्रकार घडले आहेत. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2020 पासून सगळ्या घोड्यांना मायक्रोचिप सक्तीची झाली, त्यामुळे जनावराची ओळख पटवता येते. पण ते नेमकं कुठे आहे, हे चिप सांगत नाही. म्हणून मालकाने नेणाऱ्याचं कुरण आधी डोळ्यांनी पाहावं, आणि विमा, आजारपण, परत करण्याची मुदत हे सारं लेखी ठरवावं. ब्रिटिश हॉर्स सोसायटीने अशा कराराचा नमुनाच तयार ठेवला आहे.

खरी काळजी असते ती गवताची. उजाड, थंड माळरानावर तगलेल्या या जाती थोडक्या चाऱ्यावर गुजराण करणाऱ्या. दुभत्या गाईंसाठी वाढवलेल्या हिरव्यागार कुरणात सोडलं, की त्या चटकन लठ्ठ होतात आणि लॅमिनायटिस त्यांना गाठतो. या आजारात खुराच्या आतलं हाड खुराच्या भिंतीशी धरून ठेवणाऱ्या नाजूक पापुद्र्यांना इजा होते; दुखणं विकोपाला गेलं, तर हाडच जागचं ढळतं. पाऊल टाकणंही यातनेचं होतं. ज्याला एकदा हे झालं, त्याला पुन्हा होण्याची भीती राहते. त्याच्या तोंडाला मुसकी बांधून, कुरणाचा तुकडा आखून देऊन चरण्यावर पहारा ठेवावा लागतो. नव्या घरातली माणसं प्रेमळ असली, तरी हे त्यांना शिकवावं लागतं.

पण हाच आजार दुसऱ्या बाजूनेही बोलतो. मायेपोटी घरीच ठेवलेला, कुणी बसत नसलेला, दिवसभर चरणारा पोनीसुद्धा तितकाच धोक्यात असतो. रोज रपेट करणारं मूल त्याला मिळालं, तर वजन आटोक्यात राहतं. तेव्हा आपल्याला करमेल की नाही, हा प्रश्न मागे ठेवून पोनीचं अंग, वय आणि सोबत यांचा विचार आधी व्हायला हवा.

वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर ही 1927 साली एडा कोल यांनी उभी केलेली संस्था याच वाटेने चालते. सोडवून आणलेले, बरे केलेले घोडे ती नव्या घरी देते, पण मालकी स्वतःकडे ठेवते. संस्थेची माणसं त्या घरी जाऊन पाहणी करतात आणि घरच्यांना सांभाळणं जमेनासं झालं, तर घोडा परत घेतात. दिलेल्या जनावरामागे असं उभं राहणं घरगुती मालकालाही जमायला हवं.

पंचविशी ओलांडलेल्या, लॅमिनायटिस होऊन गेलेल्या आणि एकाच सोबत्याबरोबर वर्षानुवर्षं चरणाऱ्या पोनीला शक्यतो हलवू नये. त्याला घरीच ठेवावं. दहा-बारा वर्षांचा धडधाकट पोनी मात्र जरूर लोनवर द्यावा. पण कराराची मुदत सरली, की तो खरोखरच दारात येऊन उभा राहू शकतो. त्याच्यासाठी कुरणाचा तुकडा आणि नालबंदाचे पैसे बाजूला ठेवणं जमणार नसेल, तर लोनच्या आडोशाने निर्णय लांबवण्यापेक्षा चांगलं घर पाहून त्याला आजच विकणं अधिक प्रामाणिक आहे.