पाल, उंदीर आणि धाकटी

पाल आणि पाळीव हे शब्द मराठीत अगदी शेजारी बसतात, पण आपल्याकडे पाल कोणी पाळत नाही. ती आपण होऊन राहते. आमच्या काचीगुड्याच्या घरात व्हरांड्यातल्या दिव्यामागे एक आहे. पावसाळ्यात दिव्यावर किडे जमू लागले की तिची शेपटी चांगली गुबगुबीत होते. ‘‘खाणं मिळालं की बघा कशी वाढते!’’ असे वडील धाकटीकडे पाहून म्हणतात. वास्तविक ती वाढत नाही, साठवते. पालीची चरबी शेपटीत जाते. लांबी किती व्हायची याची मर्यादा तिच्या जातीने आधीच घातलेली असते. गोदावरीच्या खोऱ्यात भद्राचलमच्या बाजूला झाडांवर राहणारी थोराड पाल आढळते. आमची पाल कितीही पतंग खाऊन तिच्याएवढी होणार नाही. उलटही खरे आहे. परदेशात बिबट्यासारख्या ठिपक्यांची पाल हौसेने पाळतात, आणि निवडक जोड्या लावून तिचा ‘जायंट’ नावाचा वाणही काढला आहे. पण त्या कुळातल्या पिलाला किड्यांबरोबर कॅल्शियमची भुकटी मिळाली नाही, तर हाडे वाकतात आणि पिलू खुरटते.

हे सारे मी वाचू लागलो ते पालीसाठी नव्हे. धाकटी सतरा वर्षांची, उंची चार फूट नऊ इंच. घरी आलेला प्रत्येक पाहुणा तिला उभी करून डोळ्यांनी मोजतो. आत्या म्हणते, ‘‘भाकरी खात नाही, भात खाते, म्हणून अशी.’’ हा टोला आईला असतो, कारण आई धारवाडकडची. मग उंची वाढवण्याच्या पावडरचा डबा आला. वडिलांच्या पगारात दर महिन्याला एक डबा म्हणजे थट्टा नव्हे. धाकटी तो नाक दाबून प्यायची.

भात आणि भाकरीच्या या भांडणात आपल्या गावाचाही संबंध आहे. तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था आपण बसमधून रोज पाहतो. ती १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एका खोलीत सुरू केली आणि १९५८ मध्ये ती हैदराबादला आली. मॅककॅरिसन यांनी १९२० च्या दशकात एकाच कुळातल्या उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला भारतातल्या एकेका प्रांताचे जेवण घातले. वजनात शीख जेवणाचे उंदीर पहिले आले, मद्रासी जेवणाचे शेवटचे. मराठा जेवणाचे तिसरे, आणि कानडी जेवणाचे पाचवे. (या अंकाच्या दोन्ही विभागांनी कृपया यावरून भांडू नये.) आत्याला हे मी मुद्दाम सांगितले नाही.

कारण गोष्ट तिथे संपत नाही. संस्थेच्या त्याच जुन्या वसाहतीत १९९६ च्या सुमारास एक उंदीर निराळा निघाला. खाणे इतरांचेच, पिंजरा तोच, पण तो खातच सुटला आणि फुगत गेला. त्याच्या वंशातले काही उंदीर किलोच्या वर भरले. दोष एका जनुकात होता. दोन्हीकडून तो मिळाला तर उंदीर लठ्ठ, एकीकडूनच मिळाला तर मधला. पहिल्या प्रयोगात रक्त एक आणि ताट वेगळे, दुसऱ्यात ताट एक आणि रक्त वेगळे. दोन्ही वेळा आकार बदलला.

माणसाची उंची मात्र एका जनुकाच्या हातात नसते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासून उंचीशी निगडित अशा सुमारे १२ हजार जागा सापडल्या. आमची आजी चार फूट आठ, आई चार फूट दहा. तेव्हा धाकटीच्या ताटाकडे बोट दाखवणाऱ्यांनी आधी भिंतीवरचे जुने फोटो पाहायला हवे होते.

शेवटी मीच हट्ट धरला आणि आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी हाताचा एक्स-रे काढला. हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते, तिथे हाड लांब होते. वय वाढले की ती पट्टी भरून येते आणि मग दूध, भाकरी, पावडर, कशानेही उंची वाढत नाही. धाकटीच्या पट्ट्या भरून आल्या होत्या. रक्त तपासले, तब्येत ठणठणीत. ‘‘मुलगी निरोगी आहे, घरच्यांसारखी आहे,’’ डॉक्टर म्हणाले. वडील बराच वेळ ती काळी फिल्म उजेडाकडे धरून बघत राहिले.

मला वाटले, धाकटी रडेल. रिक्षात बसल्यावर तिने विचारले, ‘‘दादा, म्हणजे आता डबा बंद ना?’’

उरलेली पावडर आजीने बेसनात मिसळून लाडू केले. ते आत्याने चार खाल्ले.