एस्टीमचा घसा

गेला महिनाभर आमच्या घरात एका छिद्राच्या व्यासावरून वाद चालू आहे. छिद्र पाचेक मिलिमीटरनं मोठं करायचं की नाही, एवढाच प्रश्न. पण त्यापायी बापलेक एकमेकांशी धड बोलत नाहीत आणि दोघंही आपली बाजू मांडायला माझ्याकडे येतात. जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईकडे!

तर मंडळी, हे छिद्र आहे आमच्या २००५ सालच्या एस्टीमच्या थ्रॉटल बॉडीचं. गाडी ह्यांनी हौसेनं घेतली होती. ह्यांच्या माघारी ती नातवाच्या हाती आली. मारुतीनं एस्टीम २००७ साली बंद केली, पण आमची अजून मुलुंडहून नाशिकला बिनतक्रार जाते. नातवाला नोकरी लागून वर्ष झालं. आता साठवलेल्या पैशातून त्याला एस्टीमची थ्रॉटल बॉडी काढून तिथे जुन्या, १५९० सीसीवाल्या बलेनोची मोठी बॉडी बसवायची आहे. इनटेक मॅनिफोल्ड मात्र मूळचाच ठेवायचा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून त्यानं ती पैदाही केली. त्याचा बाप म्हणतो, "बाबांची गाडी आहे ती, प्रयोगशाळा नाही." मुलगा म्हणतो, "आजोबा असते तर त्यांनीच पाना धरला असता." खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर आहे. म्हणूनच मला निकाल देववेना.

मी आपली शब्दापासून सुरुवात केली (खोड जात नाही). इंग्रजीत थ्रॉटल म्हणजे गळा दाबणे. ज्यांच्याकडे फियाट होती त्यांना डॅशबोर्डवरचं चोकचं बटण आठवत असेल. थंडीत ते ओढल्याशिवाय गाडी सुरू व्हायची नाही. तो चोक म्हणजेही घुसमटवणे. इंजिनाला घसा असतो हे त्या लोकांनी नाव ठेवतानाच ओळखलं होतं. मला इतकी वर्षं वाटायचं की अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनात पेट्रोल ओतलं जातं. तसं नाही. पाय दाबला की नळीतली एक गोल चकती फिरते आणि वाट मोकळी होते ती हवेला. साधारण पावणेपंधरा भाग हवा आली की एक भाग पेट्रोल, वजनानं, असा तो हिशोब, आणि पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो. म्हणजे इंजिन आपलं सतत श्वास घ्यायला बघत असतं, आणि आपण पाय उचलला की त्याचा गळा आवळतो. हे कळल्यापासून रिक्षात बसले तरी माझं लक्ष तिकडेच जातं.

कार्ब्युरेटरच्या काळात हा संगणक नव्हता. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. त्यात आत ओढली जाणारी हवा अरुंद गळ्यातून वेगानं जायची आणि त्या ओढीनंच पेट्रोल वर खेचलं जायचं. गळा नुसता मोठा केला की हवेचा वेग मंदावायचा, पेट्रोल नीट उचललं जायचं नाही आणि गाडी सिग्नलवरून निघताना गचके द्यायची. त्या पिढीचे मेकॅनिक म्हणूनच उगाच मोठा कार्ब्युरेटर लावायला कचरत. एमपीएफआयमध्ये ती अडचण गेली, आणि आमच्या नातवासारख्यांना धीर आला.

नातवाचा हिशोब असा: ४५ मिलिमीटरचं छिद्र ५० चं केलं की क्षेत्रफळ जवळजवळ पावपट वाढतं, म्हणजे हवाही तेवढी जास्त. पहिलं वाक्य बिनचूक आहे, दुसऱ्यात गोम आहे. इंजिन १२९८ सीसीचं. चार स्ट्रोकचं म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा पोट भरणार. मिनिटाला ६००० फेरे धरले तर ३००० वेळा, म्हणजे अगदी पोट तुडुंब भरलं तरी मिनिटाला ३९०० लिटर हवा. एवढी हवा ४५ मिलिमीटरच्या छिद्रातून जायला सरासरी वेग लागतो ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास. मी कागदावर करून पाहिलं, तुम्हीही पाहा. हवेला हा वेग म्हणजे काहीच नाही.

मग नातवानंच मला एक गंमत सांगितली आणि स्वतःच्याच जाळ्यात सापडला. नारायण कार्तिकेयन २००० साली ब्रिटनमध्ये ज्या फॉर्म्युला ३ शर्यतींत धावत होता, त्या गाड्यांची इंजिनं दोन लिटरची. त्यांची ताकद फार वाढू नये म्हणून नियमच होता की आत जाणारी सगळी हवा २६ मिलिमीटरच्या एकाच छिद्रातून गेली पाहिजे. तिथे हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला भिडतो आणि त्यापुढे कितीही ओढलं तरी जास्त हवा मिळत नाही. तरीसुद्धा ती इंजिनं दोनशेच्या वर अश्वशक्ती देत. आणि आमच्या एस्टीमची मूळची ताकद ८५! "मग तुझ्या गाडीचा घसा नक्की कुठे आवळलाय रे?" असं मी विचारलं. तो म्हणाला, "आजी, तू परीक्षेत असंच करायचीस का?"

पण मित्राच्या गाडीला मोठी बॉडी बसवल्यावर फरक 'जाणवला' होता, हे त्याचं पालुपद. जाणवणारच. चकती मोठी असली की पाय जरासा टेकवला तरी पूर्वीपेक्षा जास्त हवा आत शिरते आणि गाडी उसळी मारते. पूर्ण दाबल्यावर मिळणारी ताकद मात्र जवळपास तेवढीच. एलबीएस रोडवर भांडुप ते घाटकोपर जाताना चकती पुरती उघडायची वेळ येते कधी? उलट तिथे हळू, बारीक पाय लागतो आणि तोच अवघड होऊन बसतो. आडात नाही ते पोहऱ्याचं तोंड रुंद करून कुठून येणार?

मोठ्या बॉडीला अर्थच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. कॅमशाफ्ट बदलला, व्हॉल्व्हच्या वाटा मोकळ्या केल्या, एक्झॉस्ट सुधारला, इंजिन जास्त फेऱ्यांवर नेलं, तर खरोखरच हवा कमी पडू लागते आणि मग मूळचं छिद्र आड येतं. तेव्हासुद्धा नुसती बॉडी बदलून भागत नाही. मॅनिफोल्डचं तोंड जुनंच राहिलं तर पाच मिलिमीटरची हवा तिथल्या काठावर आपटते. ते तोंड आतून उतार देऊन कोरावं लागतं, गॅस्केट त्या मापाचं कापावं लागतं. जोडातून हवा चोरून शिरली तर गाडी उभ्या उभ्या घुरघुरते. चकती किती उघडली ते सांगणारा सेन्सरही जुळवून घ्यावा लागतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल मुलानं छापून फ्रिजवर लावला होता. आरसीतल्या नोंदी आणि कंपनीचा मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल करायचा नाही, असं त्यात आहे. नातू म्हणतो, आरसीत चकतीचा व्यास कुठे लिहिलाय? वकील व्हायला हवा होता. पण विमा कंपनीला बदल कळवावा लागतो याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी मी एवढंच म्हटलं, नवी लावायच्या आधी जुनी बघून तरी घ्या. गेल्या रविवारी भांडुपच्या मिस्त्रींकडे तिघंही गेलो. त्यांनी एअर फिल्टर काढला, तो काळाठिक्कर. चकतीच्या कडेला काजळीचा थर. मग त्यांनी नातवाला आत बसवून पाय पूर्ण दाबायला सांगितलं, स्वतः बॉनेटमध्ये डोकावले आणि मला हाक मारली, "मावशी, हे बघा." पाय तळाला टेकलेला, आणि चकती अजून तिरकीच! केबल ढिली पडली होती. म्हणजे गाडीत दम नाही ही नातवाची तक्रार खोटी नव्हती, आणि "गाडी एकदम ठणठणीत आहे" हे त्याच्या बापाचं म्हणणं खरं नव्हतं. सगळ्या वादात हे कोणीच तपासलं नव्हतं.

केबल ताणून घेतली, काजळी साफ केली, फिल्टर नवा घातला. परवा नाशिकला जाताना मुलगा चालवत होता, नातू शेजारी. कसारा घाटात एका चढावर मुलगा सवयीनं दुसऱ्या गिअरला हात घालत होता, तर नातू म्हणाला, "बाबा, राहू द्या तिसऱ्यात." राहिली. त्यानंतर इगतपुरीपर्यंत दोघं कॅमशाफ्टवर बोलत होते. मी मागे डोळे मिटून पडले होते. बलेनोची बॉडी वर्तमानपत्रात गुंडाळून गॅलरीत ठेवली आहे, आणि मुलानं ती भंगारवाल्याला द्यायचा विषय अजून काढलेला नाही.