हाताने खाल्लेली तंबाखू

निपाणीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना तंबाखूचा वास निराळा जाणवत नाही. तो हवेचाच असतो. माझ्या आक्काने तीस वर्षे मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. स्वतः कधी ओढली नाही, मिश्रीही लावली नाही. उजव्या पंजावरचा व्रण महिनाभर भरेना, तेव्हा बेळगावच्या बसमध्ये तिने मला विचारले, "हातानंबी तंबाखू खाल्ली जाती काय रं?"

प्रश्न अडाणी नव्हता. निकोटीन त्वचेतूनही रक्तात उतरते. पान ओले असेल तर अधिकच. यकृतात त्याचे कोटिनीन होते. (अक्षरेही तीच, फक्त उलटसुलट केलेली!) रक्तातले निकोटीन दोनेक तासांत निम्मे होते, कोटिनीनला त्यासाठी पंधरा-वीस तास लागतात. म्हणून शरीरात तंबाखू किती शिरली, हे संशोधक लघवीतील कोटिनीनवरून ताडतात. कर्करोगाचा दोष मात्र तंबाखूतील नायट्रोसमाइनसारख्या द्रव्यांकडे जातो. कोटिनीन येथे साक्षीदार. त्वचेच्या स्क्वेमस पेशींच्या कर्करोगाचा धूम्रपानाशी संबंध 2012 साली अनेक अभ्यास एकत्र पडताळून दाखवला गेला. पण तो हिशेब ओढणाऱ्यांचा. वळणाऱ्या हातांचा त्यात नव्हता, आणि मला हवा होता तो तोच.

डॉक्टरांनी व्रणाचा तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. कर्करोग निघाला नाही. मी आक्काला कोटिनीनची सारी हकिकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले, बोटाला चिंधी गुंडाळली आणि भिजवलेली पाने कातरायला घेतली.