मानेवरची गाठ

आमच्या मानेच्या मागील बाजूस, झग्याची गळपट्टी जिथे टेकते नेमकी त्याच जागी, एक गाठ होती. दोन वर्षांत ती वाटाण्याची सुपारीएवढी झाली. दुखत नव्हती, म्हणून कोणाशी बोललो नाही असे आम्ही स्वतःस सांगत होतो. खरे कारण निराळे होते. आमच्या मातोश्री अशाच एका न दुखणाऱ्या गाठीने गेल्या. धर्मग्रामात आरोग्य तपासणीचे शिबिर भरले तेव्हा ''लाजू नका, लपवू नका'' असे वेदीवरून सांगणारे आम्हीच. शिबिराच्या दिवशी मात्र मंडपाची व्यवस्था पाहत राहिलो!

शेवटी एका वेदीसेवक मुलाने सर्वांदेखत विचारले, ''फादर, मानेवर काय झालंय?'' मग जाणे भाग पडले.

डॉक्टरीणबाईंनी गाठ चिमटीत धरून हलवली, भिंगातून पाहिली आणि निदान सांगून टाकले. आम्हांला ते अपुरे वाटले. सोनोग्राफी नाही, सुई नाही? त्यांनी शांतपणे समजावले. गाठ खालच्या मांसावर मोकळी सरकते, पण वरची कातडी एका ठिकाणी तिला चिकटली आहे आणि तिथेच काळा ठिपका आहे. ते तिचे बुजलेले तोंड. चरबीची गाठ मऊ असते, तिला असा ठिपका नसतो. गाठ कठीण, खाली जखडलेली किंवा भराभर वाढणारी असेल, तर मात्र पुढच्या तपासण्या केल्याच पाहिजेत.

आवाळू हा आपला जुना शब्द. डॉक्टर मंडळी तिला पुष्कळ वर्षे 'सिबेशियस सिस्ट', म्हणजे तैलग्रंथीची गाठ, म्हणत आली. ते नाव चुकीचेच. आत तेल नसून केरॅटिन असते. नखे आणि केस ज्याचे बनतात, तेच. त्वचेच्या वरच्या थरातील पेशी आत अडकतात, त्यांची पिशवी होते, आणि बाहेर झडायचे ते आतल्या आत साचत राहते. पिशवीचा तुकडा मागे राहिला तरी गाठ पुन्हा भरते. पिळण्याचा उद्योग म्हणूनच व्यर्थ. पिशवी आत फुटली तर सूज येते ती वेगळीच.

गळपट्टी घासत असल्यामुळे जागा बधिर करून गाठ काढली व प्रयोगशाळेत पाठवली. अहवालाला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला गेलो तेव्हा प्रत्येक घरी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसलो. घाई का करत होतो इतकी वर्षे, कोण जाणे. अहवालात दोनच शब्द महत्त्वाचे होते: 'एपिडर्मॉइड सिस्ट'. कर्करोग नव्हता.

गेल्या रविवारी मिस्सानंतर एक गृहस्थ टोपी काढून उभे राहिले. डोक्यावर तीन गुळगुळीत गाठी. ''बाबांनाही होत्या, फादर. तुमच्यासारख्याच ना?'' डोक्यावरच्या अशा गाठी पुष्कळदा घराण्यात चालत येतात, हे आम्ही आता ऐकून होतो. बोटाने दाबून पाहण्याचा मोहही झाला. हात मागे घेतला आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला.

''सोमवारी जा. आम्ही सोबत येतो.''