दुसरा रकाना

इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास म्हणजे बराचसा गादीचा इतिहास. एलिझाबेथ गेली, जेम्स आला, की युग बदललं. मध्येच एका राजाचं मुंडकं उडालं, अकरा वर्षांनी त्याचा मुलगा परतला, तर त्याचंही वेगळं युग. आपल्याकडे संत, पंत आणि तंत ही वाटणी झाली ती कवींकडे बघून. तख्तावर कोण बसलंय याची कुणी चौकशी केली नाही. मला आपली वाटणी जास्त शहाणी वाटते. पण परीक्षा विद्यापीठाची असते आणि तिथे ड्रायडनला राजासकटच लिहावं लागतं.

चेंबूर स्टेशनपासून जवळच एका खोलीत संध्याकाळी मी बी.ए.च्या मुलांना हे शिकवतो. खाली झेरॉक्सवाला, वर आम्ही. मुलं नोट्स मागतात. मी वहीचं पान मधोमध दुमडायला लावतो. डावीकडे पुस्तकातलं साल, उजवीकडे त्याच सालातलं आपलं. याने मार्क वाढत नाहीत.

1666 घ्या. सप्टेंबरात लंडन जळालं. ड्रायडनने त्या सालावर लांबलचक कविता केली आणि त्याला आश्चर्यांचं वर्ष ठरवलं. उजव्या रकान्यात पोरं ऑगस्टातली आग्र्याहून सुटका टाकतात आणि म्हणतात, आश्चर्य तर हे. 1674 च्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, नोव्हेंबरात मिल्टन गेला आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या रंगभूमीवर ड्रायडनचं नाटक आलं, ‘औरंगजेब’. खुद्द औरंगजेब तेव्हा हयात, तख्तावर! नाटकात तो सद्गुणी आहे, बापाशी एकनिष्ठ आहे. चौथीत शिवचरित्र वाचून आलेला वर्ग इथे हसून बेजार होतो. बर्निये या फ्रेंच वैद्याचं प्रवासवर्णन तोवर इंग्रजीत आलं होतं, शहाजहानच्या कैदेची हकिकत त्यात होती. तरी ड्रायडनला नायक हवा होता, त्याने तो केला. आपले ऐतिहासिक नाटककार याबाबतीत त्याला हसू शकतील असं मला वाटत नाही.

ज्या दुसऱ्या चार्ल्सच्या नावाने हे युग शिकवतात त्यालाच पोर्तुगीज राजकन्येबरोबर मुंबई आंदण मिळाली. चेंबूर त्यात नव्हतं. ते पोर्तुगिजांकडेच राहिलं, पुढे मराठ्यांकडे गेलं. आमच्या मुलांना याचा उगाचच अभिमान.

खरी शांतता पसरते ती 1818 ला. डावीकडे 1 जानेवारी: लंडनमध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ प्रसिद्ध झालं, तीन खंड, पाचशे प्रती, लेखिकेचं नाव नाही. मेरी शेली तेव्हा वीस वर्षांची. उजवीकडे काय लिहायचं ते सांगावं लागत नाही. वर्गातली निम्मी मुलं दरवर्षी 31 डिसेंबरच्या रात्री घरच्यांबरोबर गाडी करून भीमा कोरेगावला निघतात, विजयस्तंभाला मानवंदना द्यायला. बाबासाहेब तिथे 1927 च्या 1 जानेवारीला गेले होते, हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक.

या योगायोगाला अर्थ नाही, असं मी बजावतो. तरी पुस्तक उघडलं की पंचाईत होते. सिनेमातला तो राक्षस मुका, घुम्या; कादंबरीतला तसा नाही. ज्याने निर्माण केलं त्यानेच टाकून दिल्यावर तो एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपतो. आत एका परदेशी मुलीला भाषा शिकवणं चाललेलं असतं. हा भिंतीच्या फटीला डोळा लावून ऐकतो, आणि तिच्याआधी शिकतो. पुढे त्याला वाटेत सापडलेल्या पुस्तकांत मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’ असतं. म्हणजे आमचा अर्धा सिलॅबस त्याने बिनफीचा, वर्गाबाहेर बसून पुरा केला.

यंदा हे सांगत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, माझे पणजोबा असेच शिकले. शाळेच्या पडवीत बसून.” मग वही बघत म्हणाली, “पण त्यांना नाव होतं. याला शेवटपर्यंत नाहीच का?” नाहीच. आपण बनवणाऱ्याचं नाव त्याला चिकटवून मोकळे होतो.

व्हिक्टोरियन काळाला आलो की मला फार बोलावं लागत नाही. डिकन्सची शेवटची पूर्ण कादंबरी ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’, 1864-65 ची. त्यातला म्हातारा हार्मन हा केराचा ठेकेदार; राखेचे, कचऱ्याचे डोंगर मागे ठेवून मरतो आणि सगळी भांडणं त्या इस्टेटीवरून होतात. लंडनची चुलीतली राख तेव्हा चाळून विटा पाडायला जायची. इंग्लंडच्या प्राध्यापकाला यावर तळटीप द्यावी लागत असेल. इथे वारा देवनारकडून सुटला की खिडकी लावून घ्यायची. तिथे 1927 पासून शहराचा कचरा पडतोय. गोवंडीहून येणारा एक मुलगा, ज्याच्या घरी भंगाराचा धंदा आहे, तो एवढंच विचारतो, “चाळणाऱ्या बायकांना रोज काय पडायचा?” मला सांगता येत नाही. तो जाडजूड पुस्तक मागून घेतो. परीक्षेला हे नाही रे, म्हणेपर्यंत जिना उतरून गेलेला असतो.