बिस्मिल्लाहमधला ‘ब’

गेल्या हिवाळ्यात फजरच्या वुजूला बसले. चूळ भरली, तर पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप ओघळलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. आरशात पाहिलं: तोंड उजवीकडे ओढलेलं, डावा डोळा मिटेना. सासूबाईंना हाक मारली, तर ‘अम्मी’तला ‘म’ नीट उमटेना. त्या घाबरल्याच. “वारं लागलं बेटी, लकवा!”

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या. डाव्या बाजूला एकही पडली नाही. मेंदूच्या झटक्यात कपाळ बहुधा हलतं, म्हणून त्यांना उलट धीर आला. चेहऱ्याची नसच सुजली होती. या आजाराला बेल्स पाल्सी म्हणतात. चार्ल्स बेल या स्कॉटिश सर्जनवरून हे नाव पडलं. स्टेरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. (कपाळाची ही पारख डॉक्टरांनीच करायची. आपण घरी वाऱ्याला दोष देत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.)

ओठांभोवती ऑर्बिक्युलॅरिस ऑरिस नावाचा स्नायू असतो. दिसायला एक कडं, पण त्यात आजूबाजूच्या स्नायूंचे धागे विणलेले. ओठ मिटणं, फुंकणं, बाळाचं दूध ओढणं यांत त्याचा मोठा हात. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. गालातला बक्सिनेटर घास दातांखाली ढकलतो. माझा घास गालातच अडकून राहायचा. पूर्ण बिस्मिल्लाह म्हणताना ओठ चार वेळा मिटतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोजलं.

संध्याकाळी गल्लीतली सहा मुलं माझ्याकडे कुरआन शिकायला येतात. आठवडाभर त्यांना सुट्टी दिली. तब्येतीचं निमित्त सांगितलं, खरं कारण लाज. शेवटी अम्मीच म्हणाल्या, “मुलं तुझं तोंड बघायला येतात का?” मग ओढणी तोंडावर धरून शिकवू लागले.

पाचव्या आठवड्यात चुळीचं पाणी तोंडात टिकलं. त्याच संध्याकाळी लक्षात आलं, सगळ्यांत धाकटी मुलगी सबक म्हणताना ओढणी तोंडावर धरते. बाईंचं बघून शिकली होती. मी माझी ओढणी खाली घेतली, तिला जवळ बसवलं आणि ‘ब’ला ओठ कसे मिटायचे ते दाखवलं. डावा कोपरा अजून जरा उशिरा मिटत होता.