सर, सलाईन लावायचं ना?

पूर्वी मुळशी तालुक्यातल्या दवाखान्यांत डॉक्टर बदलायचे, नर्सबाई राहायच्या. शहरातून आलेला तरुण डॉक्टर ताम्हिणीकडचे दोन पावसाळे काढून बदली मिळवायचा. बाईंना मात्र कोळवण खोऱ्यातल्या कुठल्या घरची सून मागच्या खेपेला अडली होती, हेसुद्धा तोंडपाठ. काचेच्या सिरिंजा उकळायच्या, सुयांना दगडावर धार लावायची, रात्रभर बाळंतिणीच्या उशाशी बसायचं बाईंनी. केसपेपरवर सही डॉक्टरसाहेबांची. साहेब आत आले की बाई खुर्ची सोडून उभ्या.

स्वतःला ठाऊक असलेलं साहेबांना सांगायची बाईंची एक रीत होती. ‘सलाईन लावा’ असं त्या कधी म्हणत नसत. ‘सर, सलाईन लावायचं ना?’ असं विचारत. साहेब जरा विचारात पडल्यासारखे दिसत आणि म्हणत, ‘हो, लावा.’ साहेबांचा मान राही, पेशंटचंही भागे. हे काही आपल्याकडचंच नव्हतं. लिओनार्ड स्टाइन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९६७ मध्ये याला ‘डॉक्टर-नर्सचा खेळ’ म्हटलं होतं. नर्सनी आता हा खेळ सोडलाय, असं १९९० मध्ये त्यानेच लिहिलं.

आपल्याकडे तो हळूहळू सुटतोय. डोंगरी भागात ३००० वस्तीमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. तिथल्या सिस्टरचा डॉक्टर दूर आरोग्य केंद्रात असतो. बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते दाखवणाऱ्या पार्टोग्राफच्या आलेखाने धोक्याची रेघ ओलांडली, की आढेवेढे घेत बसायला वेळ नसतो. ती फोनवर सरळ सांगते, ‘सर, हिला पौडला हलवावं लागेल.’ २०१४ पासून १०८ ची गाडीही मिळते. मोठ्या रुग्णालयांतही असंच सरळ बोलणं आता अपेक्षित आहे. ऑपरेशनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये तपासयादी दिली: चीर देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. शंका असेल तर ती सिस्टरनेही तिथेच बोलून दाखवायची.

गेलं ते एवढंच, की ओपीडी संपल्यावर चहा पिता पिता नवखा डॉक्टर बाईंकडून अख्खा तालुका शिकायचा. आता दोघंही ऑनलाइन नोंदी भरण्यात गुंतलेले, आणि अनेकदा दोघंही कंत्राटी. ओळख मुरायच्या आत कुणीतरी निघून जातं. त्या गप्पांची हुरहूर मलाही वाटते. पण तेव्हाचा सगळा मेळ साहेबांच्या स्वभावावर चालायचा. साहेब समजूतदार असले तर निभावलं. तापट असले, तर बाई गप्प बसायच्या आणि त्याची किंमत खाटेवरची बाळंतीण मोजायची.